विमानाची भेंडी

भेंडी विमानानं जाते हे ऐकल्यापासून विठाबाई म्हातारी जो भेटेल त्याला तेच सांगून हसत होती. "मला मेलीला एस्टीत कुणी बसवंना, आन् भेंडी इमानात बसती!" असं म्हणायची आणि खोकल्याची ढास लागेपर्यंत हसायची. तिची सून सारजा मात्र हसत नव्हती. त्या भेंडीनं तिला सावलीत बसवलं होतं, आणि सावली ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, हे ज्यानं चैत्रात खडी फोडली आहे त्यालाच कळतं.

आणीबाणी उठली त्या सालचा उन्हाळा. यवत आणि भांडगावच्या मधे, सोलापूरच्या सडकेला लागून आनंदरावांचं बागाईत होतं. कॅनॉलचं पाणी, काळीभोर जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस. मुंबईच्या कुणा शेठनं त्यांच्या गळी भेंडी उतरवली. सांताक्रूझच्या विमानतळावरून म्हणे रोज अरबांच्या मुलखात विमानं जातात. आपली माणसं पोटासाठी तिकडं चालली होती, आणि माणसांच्या मागोमाग त्यांच्या तोंडाची चवही चालली होती. तिकडं नुसती वाळू. वाळूत भेंडी कुठली यायला? मग ती इथून जायची, पुठ्ठ्याच्या पेटीत बसून. आनंदरावांनी जुनं गुऱ्हाळ मोडून तिथं पत्र्याची शेड घातली, वर उसाचं पाचट अंथरलं, आणि शेठचा मुकादम हौसराव यवतला खोली घेऊन राहिला.

सारजाचं घर वस्तीत. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. धर्म बदलून एक पिढी होत आली, घराघरात बाबासाहेबांची तसबीर आली, पण गावाच्या जिभेवरून वस्तीचं जुनं नाव काही उतरलं नव्हतं. वस्तीतल्या बायका रोजगार हमीवर खडी फोडायच्या. तिथंच भागू होती. पोरगी अजून विशीचीही नसेल. नवरा दुसरी करून बारामतीकडं निघून गेलेला, आणि पदरात अंगावरचं लेकरू. भागू बाभळीला झोळी बांधायची आणि बाभळीची सावली ती काय! उन्हाबरोबर फिरत फिरत झोळीवरून निघून जायची. एकदा दुपारी लेकरानं डोळे फिरवले. सारजानंच त्याला उचलून कॅनॉलवर पळवत नेलं, ओल्या पदरानं पुसून काढलं, तेव्हा कुठं ते रडलं. ते रडलं आणि मग सारजाही रडली. त्याच दिवशी तिनं मनाशी धरलं, काहीही करून ह्या पोरीला शेडमधे बसवायचं.

ती हौसरावाकडं गेली. हौसराव तंबाखू मळत म्हणाला, "मला जातीचं काय करायचंय? मला हात पायजेत. पर आप्पांना इचार. शेड त्यांची हाय."

आप्पा म्हणजे आनंदराव. ते लगेच हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांची विधवा भावजय रंगुबाई शेडमधे गावच्या बायका घेऊन बसायची, तिला विचारलं. तिनं अटी घातल्या. वस्तीच्या बायांनी दाराकडच्या अंगाला बसायचं. मधल्या रांजणाला हात लावायचा नाही. पाणी आपापलं आणायचं. सारजा सगळ्याला हो म्हणाली. असल्या वेळी माणसानं मान खाली घालून हो म्हणावं, मान वर करायला पुढं आयुष्य पडलंय, असं तिला वाटलं.

"आन् काय चुकलंमाकलं तर?" रंगुबाईनं विचारलं.

"तर मला धरा," सारजा म्हणाली. "माझ्या बाया मी आणलेल्या."

असं ते काम मिळालं. सकाळी दंव असतानाच तोडणी व्हायची. तोडलेली भेंडी शेडमधे गोणपाटावर पसरायची, वाऱ्यानं कोरडी होऊ द्यायची, मग निवडायला बसायचं. फार लांब नको, फार आखूड नको, वाकडी नको, निबर तर नकोच. हौसराव म्हणायचा, तुमच्या मधल्या बोटाएवढी. जी त्या मापात बसेल ती पेटीत, बाकीची यवतच्या बाजारात. भेंडीच्या अंगावरची लव बोटांत शिरायची. हाताला अशी खाज सुटायची की भाकरी थापतानाही परातीच्या काठावर बोटं घासावीशी वाटायची. बायका बोटांना चिंध्या गुंडाळून बसायच्या. पण डोक्यावर सावली होती. भागूची झोळी शेडच्या आडव्या वाशाला लटकायची, लेकरू झोपायचं, आणि मधूनच पायानं दोरीला हिसका देत भागू चक्क गाणं गुणगुणायची. सारजाच्या मनाला त्यानं फार बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत आपल्या हातून कुणाचं काही भलं झालं, ते हेच, असं तिला वाटायचं.

तिचा नवरा म्हाळू लॉरीवर हमाल होता. तिसऱ्या प्रहरी लॉरी यायची, म्हाळू पेट्या चढवायचा, मालाबरोबर मुंबईला जायचा, विमानतळाच्या गुदामापाशी पेट्या उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. तिथल्या गोष्टी सांगताना तो गडी वेगळाच दिसायचा. "सारजे, केवढं गुदाम हाय म्हनून सांगू. आपलं अख्खं गाव मावंल. आन् हमालांच्या छातीला बिल्ला, वर फोटू. आत जायाचं तर शिपाई फोटू बघतो आन् तोंड बघतो."

"तुमचं तोंड बघून काय म्हनतो?"

"मला कुठला बिल्ला! मी भायेरच्या फळीवर ठेवायचं. पर हौसराव म्हनालाय, ह्यो हंगाम नीट पार पडला तर शेठला सांगून आत लावतो."

हंगाम नीट पार पडत होता. हौसराव तर म्हणाला होता, असाच माल गेला तर शेठ पावसाळ्यात गवार घेणार, थंडीत हिरवी मिरची. म्हणजे बारमाही काम. वस्तीतल्या बायका संध्याकाळी परत येताना बारमाही हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारायच्या.

आणि मग तो दिवस आला.

सकाळपासून वारा पडला होता. दुपारी सुटला तो भट्टीतून निघाल्यागत. पेट्या भरून झाकणं उघडी ठेवून रांगेत मांडल्या होत्या, आणि लॉरीचा पत्ता नव्हता. हौसराव सडकेवर उभा राहून राहून थकला. "कुठं बंद पडली काय की. यवतला जाऊन फोन करून येतो," म्हणाला आणि सायकल काढून गेला. म्हाळू बाहेर लिंबाखाली टॉवेल तोंडावर टाकून पडला होता. पत्रा तापून वरचं पाचटसुद्धा कडकड वाजत होतं.

आनंदराव शेडमधे येरझाऱ्या घालत होते. त्यांनी एका पेटीतली भेंडी उचलली, टोकाकडून मोडायला गेले. ताजी भेंडी कशी कट्दिशी मोडते. ही नुसती वाकली. त्यांचा चेहरा पडला.

"मोडंना की ही," ते म्हणाले. दुसरी उचलली, तीही वाकली. "मलूल पडला माल. अरबाच्या दारात ही चिपाडं पाठवायची का? पहिल्यापासून आपला माल एक लंबर म्हनून नाव हाय." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. रंगुबाईकडं बघितलं, ती पदरानं वारा घेत होती. मग दाराकडं बघितलं. "सारजे, तू बाजार केलेली बाई म्हनं. बघ की काय तरी."

बाजार सारजाच्या आईनं केला होता. सारजाचं माहेर कवठे येमाईचं, शिरूर तालुक्यातलं. कोरडं गाव; पाण्याचा थेंब तिथं देवापेक्षा मोठा. आई दुसऱ्याच्या रानात, बांधावरच्या विहिरीवर वाट्यानं मेथी, शेपू करायची आणि बाजाराच्या दिवशी शिरूरला डोक्यावरून न्यायची. निघताना जुन्या लुगड्याचा धडपा भिजवून पाटीवर घालायची. वाटेत घोड नदीवर थांबून पुन्हा भिजवायची. स्वतः तहानेली राहील पण पाटीला पाणी पाजायची. बाजारात पोचल्यावर मेथी जशी रानातून आत्ता उपटली. सारजा लहानपणी त्या पाटीमागून चाललेली. पाणी दिलं की जीव धरतो, एवढं एकच शहाणपण तिच्या आईनं तिला दिलं होतं.

तिला माहीत होतं की हौसराव भेंडी वाळवून भरायला लावतो. पण ते पुठ्ठा भिजून पेटी फाटू नये म्हणून, असंच तिनं धरून चाललं होतं. विचारलं कधी नव्हतं. मुकादमाला कारणं विचारायची पद्धत कुठं होती?

ती उठली. मधला रांजण गच्च भरलेला होता, पण त्याला हात लावायचा नव्हता. दाराशी वस्तीच्या बायांनी आणलेली घागर होती. ती तिनं काखेत घेतली.

"काकी, प्यायचं हाय ते," भागू म्हणाली. "दुसरं न्हाई."

"गप गं. जाताना कॅनॉलवर पिऊ. एक येळ आपुन तहानेलं राहिलो म्हनून मरत न्हाई."

लिंबाची डहाळी घागरीत बुडवून तिनं पेट्यांवर शिंपडा मारला. अंगणात सडा घालावा तसा हलक्या हातानं, पुठ्ठ्याला लागू न देता. मग गोणपाटं भिजवून, पिळून पेट्यांवर अंथरली. वस्तीच्या बायाही उठल्या, हातभार लावू लागल्या. घागर रिकामी होत आली तेव्हा भागूनं तळाशी राहिलेलं ओंजळभर पाणी लेकराच्या ओठांना लावलं.

रंगुबाई जागची हलली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, त्यांच्या घागरीतलं हाय बरं का ते."

"अरबाला काय कळतंय!" आनंदराव हसले.

थोड्या वेळानं त्यांनी गोणपाट बाजूला केलं. भेंडी हिरवीगार तरारली होती. त्यांनी एक उचलली, मोडली. कट्दिशी आवाज झाला. "शाबास! बरं केलंस सारजे. लाज राखलीस." म्हाळू डोळे चोळत आत आला तेव्हा त्यालाही दाखवलं, "बघ रं, तुझ्या बायकूनं काय केलंय." म्हाळूनं बायकोकडं बघितलं. चारचौघांत त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. सारजाला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

दिवस मावळतीला लॉरी आली. हौसराव धापा टाकत सायकलवरून उतरला, "उचला, उचला" म्हणून ओरडायला लागला. गोणपाटं ओढली, झाकणं मिटली, पट्ट्या चिकटवल्या. कुणी आत बघितलं नाही. म्हाळूनं पहिली पेटी खांद्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाला, "गार लागतंय की गं खांद्याला!"

उशीर झालेला, म्हणून हौसरावही ह्या वेळी मालाबरोबर पुढं चढून बसला. लॉरी गेली. बायका कॅनॉलवर गेल्या आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोटभर पाणी प्यायल्या. सारजा घरी येईपर्यंत मनात गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी लॉरी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी निवडणी चालली असताना आली ती हॉर्न न वाजवता. हौसराव पुढून उतरला. म्हाळू मागून. म्हाळूच्या सदऱ्याला खांद्यावर हिरवट काळे डाग पडले होते आणि तो कुणाकडं बघत नव्हता.

हौसरावानं एक पेटी लॉरीतून ओढून आणली आणि बायकांच्या पुढ्यात उलटी केली. पेटीच्या आकाराचा एक गोळाच बाहेर पडला. काळा, शेंबडासारख्या तारा सुटलेला. वास असा आला की रंगुबाईनं पदर नाकाला लावला.

"ही आपली एक लंबरची भेंडी," हौसराव म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "इमानाला उशीर झाला, दिसभर माल फळीवर पडून राहिला. नाशिककडच्या पेट्या आमच्या शेजारीच हुत्या, त्याच उन्हात. त्या गेल्या. आपली पेटी वजनाला घेतली तर बुडातनं पाणी गळाया लागलं. सायबानं उघडून बघितलं आन् समद्यांच्या म्होरं थुकला. शेठ मोटारीतनं आला, त्यानं माझ्या आईचा उद्धार केला. ही एक पेटी सोडून सगळा माल कुंपनामागं नेऊन वतला. सांगा, पाणी कुणी मारलं?"

सारजा उठून उभी राहिली.

"मी मारलं मुकादम. माल मलूल पडला हुता. आप्पांनीच..." ती थांबली आणि आनंदरावांकडं बघू लागली. आता ते बोलतील, असं तिला खरंच वाटत होतं. एवढा मोठा माणूस, एवढं एक वाक्य.

आनंदरावांनी पायातला जोडा नीट केला. "मी जेवाया घरी गेल्तो," ते म्हणाले.

सारजानं म्हाळूकडं बघितलं. म्हाळूला आप्पांनी स्वतःच्या हातानं भेंडी मोडून दाखवली होती. म्हाळू सदऱ्यावरचा डाग नखानं खरवडत होता. तो खरवडतच राहिला.

"त्यांच्या घागरीतलं पाणी शिंपडलं मालावर," रंगुबाई म्हणाली. "मग दुसरं काय व्हनार? मी तवाच बोलले हुते."

"पाणी कुणाच्या का घागरीतलं असंना," हौसराव चिडून म्हणाला, "गंगेचं असलं तरी सडलंच असतं. भेंडीला पाणी लावायचंच न्हाई."

आनंदरावांनी मान वर केली. "तसं न्हाई मुकादम. आमची मानसं पिढ्यान्‌पिढ्या भाजीला पाणी मारत्यात, कवा सडली? हा इटाळाचा माल. मी म्हनत हुतो, नगं ह्यांना आत घेऊ. तुम्ही ऐकलं न्हाई. आता माझ्या शेडात ही भानगड चालायची न्हाई. शेठला तसं कळवा."

हौसरावाला सगळं कळत होतं. न कळायला तो काय दूधखुळा नव्हता. पण शेड आनंदरावांची, रान आनंदरावांचं, आणि शेठला जाऊन काहीतरी सांगायचं होतंच. त्यानं तंबाखूची डबी काढली, परत खिशात टाकली.

"वस्तीच्या बायांनी उद्यापास्नं येऊ नये," तो म्हणाला.

"मुकादम!" सारजा पुढं झाली. "मला धरा म्हनले हुते मी. मला काढा. मी पाय ठेवणार न्हाई हितं. पर ह्या बायांनी काय केलंय? ही भागू, हिचं लेकरू उन्हात टिकत न्हाई मुकादम. एकल्या हिला तरी ऱ्हाऊ द्या. ती दारात बसंल. दाराभायेर बसंल."

ती वाकली होती. त्याच्या पायाला हात लावायची बाकी राहिली होती. हौसराव मागं सरला.

"एकीनं केलं म्हंजी समद्यांनी केलं," तो म्हणाला आणि बाहेर गेला. "ए म्हाळू, लॉरी धुवून काढ. वास मारतीय."

म्हाळू गेला. बादली घेऊन लॉरी धुवायला गेला.

भागू वाशाला बांधलेली झोळी सोडत होती. गाठ आवळली होती. बोटांना भेंडीच्या लवेनं फोड आले होते, त्यांनी गाठ सुटेना. सारजा हात लावायला गेली तर भागूनं खांदा वळवून तिला बाजूला केलं, आणि दातानं गाठ सोडली. लेकरू जागं झालं, पत्र्याकडं बघून हसलं.

संध्याकाळी म्हाळू घरी आला तेव्हा त्याच्या टॉवेलात थोडी भेंडी बांधलेली होती. कुंपणामागं ओतलेल्या मालातून त्यानं बरी बरी निवडून आणली होती. विमानतळाच्या कुंपणाला लागून झोपड्या आहेत, म्हणाला, तिथल्या बायापोरं पाट्या घेऊन धावली, एकमेकांना ढकलून भेंडी वेचली. "डोक्यावरनं इमानं जात हुती, असा आवाज की कान फुटावंत. कुणी वर बघत नव्हतं."

विठाबाईनंच भेंडी चिरून तव्यावर टाकली. तिखट-मीठ घालून परतली तरी तिच्या तारा काही मोडल्या नाहीत. भाकरीवर वाढली. म्हातारी चावत राहिली. आज ती हसत नव्हती.

"चिकाट हाय जराशी," ती म्हणाली. "पर चांगली हाय."

म्हाळूचा घास हातातच होता. "मी काय बोलणार हुतो गं? आप्पांच्या तोंडावर? हौसराव म्हनतो, झालं गेलं इसर, तुझा खांदा चांगला हाय, तू ऱ्हा लॉरीवर. पुढल्या हंगामात बिल्ल्याचं बघतो म्हनलाय."

"मग बघा की," सारजा म्हणाली. "तुमचा खांदा कुठं बाटलाय! गार लागतंय म्हनाला हुता न्हवं का?"

म्हाळूनं घास ताटलीत ठेवला. सारजाला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती. आणि दोन्हींपेक्षा जास्त तिला स्वतःच्या हातांचा राग आला होता. कुणी वाईट केलं असतं, चोरी केली असती, तर सोसलं असतं. तिनं जीव लावून केलं होतं. आईनं शिकवलेलं तेवढंच एक तिला येत होतं, आणि तेच तिच्या बायांच्या मुळावर आलं होतं.

शेड चालूच राहिली. भांडगावाकडच्या बायका येऊ लागल्या, गावच्या. दारात हौसरावानं सगळ्यांना बजावून सांगितलं म्हणे, भेंडीला पाणी लावायचं नाही. रंगुबाईनं त्याच्यावर आपली पुस्ती जोडली, वस्तीचं पाणी तर नाहीच. त्या दोन गोष्टी गावात इतक्या एकत्र सांगितल्या गेल्या की पुढं पुढं पहिली गळून पडली आणि दुसरीच राहिली. यवतच्या बाजारात एका माळणीनं सारजाला ओळखलं आणि ही पाटीला हात लावायच्या आत भेंडीवर फडकं ओढून घेतलं. म्हातारीला ह्या वयात ऐकवायला नको म्हणून ही गोष्ट सारजानं घरी सांगितली नाही.

वस्तीच्या बायका पुन्हा खडीवर गेल्या. वैशाख लागला होता. हातोडीच्या दांड्यानं भेंडीचे फोड फुटले आणि जुने घट्टे पुन्हा जागच्या जागी आले. दगडाची धूळ घामात बसून भुवया पांढऱ्या व्हायच्या. कुणी सारजाला टोचून बोललं नाही. भाकरी खायला सगळ्या एकत्रच बसायच्या. चटणी पुढं सरकवायच्या. पण बोलता बोलता सारजा जवळ आली की बोलणं कुठंतरी अडखळायचं. एखादीनं शिव्या घातल्या असत्या, केस धरले असते, तर तिला बरं वाटलं असतं. बारमाही हा शब्द आता कुणी काढत नव्हतं.

भागूची झोळी पुन्हा बाभळीला लटकली. लेकरू थोडं मोठं झालं होतं पण वाळलं होतं. अंगावर घामोळ्या, ओठांना खपल्या. दुपारी सावली झोळीवरून निघाली की ते कुरकुर करायचं. आधी मोठ्यानं, मग बारीक.

एक दिवस त्याची कुरकुर अगदीच बारीक झाली. सारजानं हातोडी खाली टाकली. तिनं बसायला आणलेलं गोणपाट उचललं, घागरीतलं पाणी त्यावर ओतलं, पिळलं, आणि झोळीवर पांघरूण घालावं तसं अंथरलं. त्यातून वारा आत गेला असावा. लेकरू गप झालं. सारजा तिथंच उकिडवी बसली आणि झोळीला हलकेच झोका देऊ लागली. तिला वाटलं, एवढं तरी.

भागूनं खडीच्या ढिगापलीकडून बघितलं. ती उठली, हातोडी नीट बाजूला ठेवली, चालत आली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर सारजानं तोंड पुढं केलं असतं. भागूनं दोन्ही हातांनी गोणपाट उचललं आणि दूर नेऊन एका दगडावर पसरलं. परत येऊन झोळीत हात घालून लेकराचं अंग चाचपलं, पदरानं कोरडं केलं.

"नगं काकी," ती म्हणाली. "पाणी नगं मारू."

मग ती जाऊन पुन्हा खडी फोडायला बसली. लेकरू कुरकुरू लागलं. सारजाचे हात मांडीवर होते, ते तिनं उचलले नाहीत. दगडावर पसरलेलं गोणपाट तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेलं.